गेटावरचा झिरा

बस गा भाऊ, बस. त्या बाकाचा एक पाय हलते, इकडल्या अंगानं बस. गेट काही आत्ताच उघडत नाही. कोळशाची मालगाडी येऊन राह्यली, तिच्या मांगं मेमू पॅसेंजर हाय. दोन्ही गेल्याबिगर ते बाई गेट उचलत नाही, मंग तू हॉर्न वाजव नाहीतर डफडं वाजव. आयकलं म्या, चांगला दाबून धरला होतास. तुही काय चूक, तू बाहेरगावचा. चहा टाकतो. आन चहासंग एक गोठ सांगतो, याच गेटाची. चांगली हाय, पैसे चहाचेच लागतीन.

पयले हे गेट समजून घे. दुसरीकडचं गेट गाडी आली का बंद होते. हे उलटं हाय, हे बंदच राहते. रस्ता जंगलातला, वाहनं थोडे. कोनी आलं का गेटवाली टेशनाले फोन लावून इचारते, लाईन मोकळी असली त चाक फिरवून गेट उचलते. म्हनून जो येते तो हॉर्न वाजवते. आन त्या खोलीच्या दारात नारिंगी जाकीट घालून, झेंडी धरून उभी हाय न, ते आचल. पलीकडच्या गावच्या रामलालची सून.

आता रामलाल म्हनजे धानवाला मानूस. जमीन थोडी, उलीशी घरची, उलीशी ठेक्याची. आवाज असा का तलावाच्या या पारीवर खाकरला त त्या पारीवरचे बगळे उडून जाते. पन सुनेसमोर मुका. जुन्या घरातली रीत होय ते. सासरा सुनेसंग सरळ बोलत नाही. काही सांगाचं असलं त तिसऱ्याले सांगाचं. लगन झालं तवा रामलाल बैलाले सांगे, "का गा लाल्या, आज भाजीत मीठ नाही वाटते." आन आतून आचल कुत्र्याले म्हने, "शेरू, मीठ ताटाच्या बाजूले ठेवलं हाय म्हना, दिसत नसन त चष्मा लावा म्हना." असा त्याह्यचा संसार चाले. मंग टीना झाली, तवा लाल्या आन शेरू दोघंही सुटले. जे काही बोलाचं ते टीनाले.

सुनेचा मोठा गर्व होता बुढ्याले. पोट्टी परीक्षा देऊन रेल्वेत लागली. पानठेल्यावर सांगत बसे, "कलकत्त्याची गाडी माह्या सुनेनं झेंडी दाखवल्याबिगर पुढं जात नाही." घरी मातर एक शब्द नाही.

टीना झाली ते कमजोर. सुशिलाबाईनं, म्हनजे रामलालच्या बुढीनं, मायेनं एकडाव म्हशीचं दूध पाजून पाह्यलं, त पोट असं बिघडलं का लेकराले सलाईन लागली. डॉक्टर म्हने, वरचं दूध अजून नोको, मायचंच पाजा. आन इकडं आचलची सुट्टी सरत आली. लेकरू नुकतंच पेज चाटाले शिकलं होतं. पेजेवर काय जगते ते? जगनं मायच्या दुधावरच होतं. तर आचलनं दवाखान्यातल्या नर्सले इचारून दूध काढाचा पंप मागवला. फोनवरून. डूटीवर फोन खिशातून काढता येत नाही, म्हनून नंबर देला सासऱ्याचा.

इथं गंमत झाली.

रामलालची शेतातली मोटर त्याच महिन्यात जळली होती. पोरगा वीरेंद्र, आचलचा नवरा, गोंदियाले राईस मिलमधी कामाले, तो म्हनला होता, "बाबा, मी पाहतो काहीतरी." तर एक दिवस रामलालले फोन आला. कुरिअरवाला गुड्डू. "काका, आपका पंप आया है. सालेकसा से ले जाव."

रामलाल असा खुश झाला का त्यानं लाल्याले बंडीले जुपलं, जोडीले शेजारच्या शालीकरामचा बैल घेतला, आन शालीकरामलेही घेतलं, मोटर उचलाले. दोरखंड घेतलं. खाली टाकाले धानाच्या पेंढ्याची तनीस घेतली, मोटरले धक्का नोको लागाले. तिथं गुड्डूनं हातात काय देलं, त मिठाईच्या डब्याएवढं खोकं.

"बाकीचं कुठं हाय?" रामलाल म्हने.

"काका, इतना ही है."

शालीकराम खोकं हातावर तोलून म्हने, "आजकाल हलकेच येतेत. चायनाचं असन."

गावात येईपर्यंत रामलालले दम निघाला नाही. चौकातच, पानठेल्यासमोर, बंडीवर बसून खोकं फोडलं. आतून निघालं एक रबराचं फनेल, एक बाटली, एक नळी आन मुठीएवढी मशीन. भवताल मानसं जमले. एक म्हने फवारणीचा होय. दुसरा म्हने, मच्छ्याच्या काचेच्या पेटीत बुडबुडे सोडते तो होय. शालीकराम फनेल डोळ्याले लावून म्हने, "रामलाल, यानं त बांधीतलं एक धानही भिजत नाही गा."

तितक्यात दवाखान्याची आशाताई दुर्गेश्वरी सायकलवरून चालली होती. ते उतरली, पाह्यलं, आन तोंडाले पदर लावला. "काका, झाका ते. अगोदर झाका." मंग जवळ येऊन कानात काय सांगतलं, त रामलालचे कान वांग्यावानी झाले. डोक्शाचा दुपट्टा काढून त्यानं खोक्यावर टाकला आन बंडी हाकलली. दोन बैल, एवढी मोठी बंडी, तनीस, दोरखंड, आन मधात दुपट्ट्याखाली ते खोकं. मांगून शालीकराम वरडे, "अगा, मोटर होय का नाही मंग?"

"होय!" रामलाल म्हने. "घरची होय!"

घरी येऊन खोकं टीनाच्या पाळन्यात ठेवलं. "टीने, तुह्या मायचं सामान आलं." त्या दिवसापासून त्या घरात दुधाले सामान हेच नाव पडलं.

मंग सुरू झाली भाऊ आचलची कसरत. गेटावर दोन गाड्यांच्या मधात जे फुरसत भेटे, त्यात ते खोलीचा पडदा ओढे आन मशीन लावे. आन फोनची घंटी वाजली का, दूध येत असो का नसो, मशीन बाजूले. गेट पाहाचं, झेंडी घ्याची, बाहेर उभं राहाचं. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक एक चाक पाहाचं, कुठं धूर हाय का, काही लटकते का. एकडाव असंच अर्ध्यातून उठा लागलं. समोरून ओली झाली होती बाई. जाकीट छातीशी घट्ट ओढलं आन उभी राह्यली, गाडी संपेपर्यंत नजर हलवली नाही. म्या या बाकावरूनच पाह्यलं. मले त तिचा मोठा मान वाटते, भाऊ.

स्टीलचा डबा, त्याले ओलं फडकं, ते बर्फाच्या पिशवीत, आन पिशवी रामलालच्या सायकलीले. दुपारी एक फेरी, संध्याकाळी एक. घरी सुशिलाबाई वाटी-चमच्यानं पाजे. लेकरू मिटक्या मारे.

पन दिवसाचं तेवढं पुरत नव्हतं. म्हनून आचल रात्री उठे. घरचे निजले का मशीन लावे, दुसऱ्या दिवसाचं सामान काढून ठेवे. आन रामलालही रात्रीच उठे, काहून का शेतातली लाईट रात्रीचीच येते, आन जळलेली मोटर तवर तार भरून, दुरुस्त होऊन आली होती. हा बाहेर पडताना रांधनखोलीतला उजेड पाहे. खाकरे एकडाव, म्हनजे मी चाललो. आतून भांडं वाजे एकडाव, म्हनजे जा. एकाच घरात दोन पंप चालू, एक धानाले, एक लेकराले. बोलनं काही नाही.

आता यात बिघाड कोनं केला? मायेनंच केला.

सुशिलाबाईनं एका रात्री पाह्यलं, सून भिंतीले टेकून बसल्या बसल्या झोपली, मशीन हातात घुरघुर करून राह्यली. बुढीचं मन कळवळलं. "कायले जीव जाळतेस व बाई? रातभर उपसशीन त सकाळी काय उरन? बोडीचं पानी होय ते. रात्री भरू दे, दिवसा काढ."

बोडी म्हनजे आपला गावतलाव, तुले माहीत हाय. जेवढं पानी नहरानं सोडलं तेवढं कमी झालं, हे इथं लेकरालेही समजते. रामलालही बाहेरून लाल्याले म्हने, "बुढी बरोबर बोलते गा." नर्सनं आचलले उलटं सांगतलं होतं, पन पोरगी इतकी थकली होती का कोनी निज म्हनलं आन ते निजली. तरी पुन्हा उठन म्हनून बुढी रोज संध्याकाळी पंप तांदळाच्या कोठीत पुरून ठेवे आन सकाळी डूटीच्या पिशवीत वापस ठेवे.

पयल्या सकाळी सामान भरपूर निघालं. सुशिलाबाई हात नाचवून म्हने, "पाह्यलं? भरली बोडी!"

मंग हळूहळू डबा उतरला. गळ्यापर्यंत होता तो अर्ध्यावर आला. अर्ध्यावरून बुडाले. सुशिलाबाईनं मेथीचे लाडू केले, जवसाची चटनी केली, पेज पाजली. डबा काही चढे ना. टीना चमचा चाटून वाटीत पाहे, अजून हाय का म्हनून. दुर्गेश्वरीनं वजन केलं, काटा मांगच्या जागीच. ते म्हने, "वहिनी, जेवढं काढशीन तेवढं येते. रात्रीचं बंद नोको करू." सुशिलाबाई हसली. "काढल्यानं वाढते म्हने! अशी बोडी मलेही दाखव, दुर्गे."

एक दिवस रामलाल छपरीत दोरी वळत बसला होता. आतून आचल वीरेंद्रसंग फोनवर बोलत होती. आवाज दाबून, पन दारं आपल्या घरचे कसे राहतेत. "दूध आटून राह्यलं. तिले दुसरं पचत नाही. आता वजन नाही वाढलं त मी नौकरी सोडतो. घरी राहून अंगावर पाजतो, मंग तरी येईन." मंग म्हने, "मले सोडाची नाही जी. पन मंग काय करू?"

रामलालच्या हातातली दोरी तशीच राह्यली. आत जाऊन म्हनाव, नोको सोडू बेटा. पन रीत आडवी. आन नुसतं म्हनून काय होते, डब्यात काय टाकन तो? उठला, लाल्याले सोडलं आन नाल्याकडं गेला.

उन्हाळ्यात नाला कोरडा. रेतीत त्याचा झिरा होता. झिरा म्हनजे रेतीत उकरलेला खड्डा, त्यात खालून पाझरून पानी येते. डब्याच्या फेऱ्या सुरू झाल्यापासून त्याचं तिकडं जानंच झालं नव्हतं, लाल्याले घरीच पानी पाजत होते. पाहते त झिरा बुजला. गाळ, वरतं पाला, वाटीभर गढूळ पानी. लाल्यानं तोंड लावलं आन मान फिरवली.

"आटला भाडखाऊ तूही!" रामलालनं शिवी हासडली. रागारागानं डबडं घेतलं आन गाळ फेकाले लागला. होतं ते पानीही फेकलं. बूड कोरडं केलं. मंग बिडी पेटवून बसला. बिडी सरली त बूड ओलं. उलीशा वेळात बोटभर पानी, नितळ. त्यानं तेही उपसलं. पुन्हा आलं, आता पयल्यापरीस लवकर. पुन्हा उपसलं. लाल्या पाहून राह्यला, हा बुढा आपल्याले पाजाचं सोडून पानी रेतीत काहून फेकते? संध्याकाळपर्यंत झिरा काठाले आला. लाल्या पोटभर पेला, तरी तसाच.

रामलाल रेतीवर उकिडवा बसला तो बसलाच. जनमभर बोडीचंही पानी वापरलं, झिऱ्याचंही. कोनतं कशानं आटते हे त्याले कोनी शिकवाले नोको होतं. मंग डोस्कं कुठं गेल्तं?

आता समजलं त समजलं, पन सांगाचं कसं? सुनेच्या दुधाची गोठ सासऱ्यानं तोंडातून काढाची? वाटभर लाल्यासंग बोलून पाह्यलं, जमे ना. घरी आला, हातपाय धुतले, टीनाले मांडीवर घेतलं आन दाराकडं पाठ करून बसला. आवाज बारीक करून सांगाले गेला, पन त्याचा बारीक म्हनजे शेजारच्याले आयकू जाईन एवढा.

"टीने, तुले नाल्याची गोठ सांगतो. माहा झिरा होता. म्या म्हनलं, राहू दे, उपसू नोको, साचन. त तो बुजला. आज उपसला, त आला. जितका उपसला तितका आला. बोडी निराळी, झिरा निराळा. समजलं का टीने? आपल्या घरात कोनाचा झिरा असन, त राहू देऊ नोको म्हना. रात्री त उपसाच म्हना. बस, मले एवढंच म्हनाचं होतं."

टीनानं त्याची मिशी ओढली. दाराआड बांगडी वाजली आन थांबली. मंग आतून आवाज आला, उलीसा ओला.

"टीने, आज्याले म्हना, समजलं. पन रात्रीचं उपसाचं सामान कोन लपवते ते माहीत नाही म्हना."

सुशिलाबाई चुलीपाशी भात ढवळत होती. ते ताडकन उठली, कोठीत कोपरापर्यंत हात घातला आन तांदळासगट पंप वर काढला. नळीतून तांदूळ गळून राह्यले. रामलालवरच उखडली, "मंग अगोदर काहून नाही बोलले तुमी? या घरात आली तवापासून झिऱ्यावर पानी भरलं म्या! पहाटे पयली जाऊन उपसो, काहून का पयली गेली तिच्या मांगं झिरा भरते. मले झिरा माहीत नाही का? बोडी बोडी कोन करत होतं?"

"तूच करत होतीस."

"आन तुमी मान हालवत होते!"

आचल आत हसत होती का रडत होती, ते काही समजलं नाही. बुढीनं गंजात पानी उकळून पंपाचे वाटी-बाटली धुतले, फडक्यानं कोरडे केले आन सुनेच्या हातात देले.

दुसऱ्याच दिवशी डबा भरला असं नोको समजू. पयल्या रात्री बूडही झाकलं नाही. मशीन घुरघुर करे आन बाटली कोरडी. पन आता सुशिलाबाई बाजूले बसून राहे, पेजेचा गडवा घेऊन. "येईन व बाई, गाळ निघू दे अगोदर." आचल चिडे, डोळे पुसे, पुन्हा लावे. सकाळी तेच पोरगी आंग धुऊन, जाकीट घालून डूटीवर. तिची ताकद म्या वजनाच्या काट्यावर नाही मोजू शकत, पन सांगतो, मालगाडीही चढावर दुसरं इंजिन मांगते, हे पोरगी एकटीच चढली.

घरी सामान वाढाले लागलं, गेटावर मातर वाढे ना. सुशिलाबाईनं इचारलं तवा आचल म्हने, "उलीसं सुरू होते, आन हॉर्न वाजला का छातीत धस्स होते. मंग थांबूनच जाते."

रामलालनं आयकलं. दुसऱ्या दिवशीपासून दुपारी फेरीले यायचा तो त्या मोहाच्या झाडाखाली सायकल टेकवून बसाचाच. रस्त्यानं मोटर, टरक काही आलं का हा समोर आडवा उभा. "हॉर्न नोको."

एकडाव छत्तीसगडचा टरक आला. डरायवर म्हने, "काहे? भीतर साहब सोवत हे का?"

आता बुढा काय सांगन? दूध म्हनता येत नाही, सामान म्हनलं त डरायवर म्हनन कोनतं सामान, चोरीचं का? रामलाल छाती काढून उभा राह्यला आन म्हने, "झिरा भरत हे. चुप बइठ."

डरायवरले काय समजलं, देव जाने. त्यानं इंजिन बंद केलं, उतरला आन माह्या इथं चहा पेला. जाताना हळूच म्हने, "भरगे का?" रामलालनं मान हालवली.

असे दिवस गेले. एक दुपारी मेमू गेली, मंग खोलीचा पडदा ओढला गेला. मोहाखाली रामलाल. दोन मोटरसायकली थांबलेल्या, चुपचाप. मंग पडदा सरला. आचलनं पयले टेशनाले फोन लावून गेट उचललं, मोटरसायकली सोडल्या, गेट पाडलं. मंग डबा घेऊन बाहेर आली. रोज ते पिशवी खिडकीत ठेवे आन हा उचले. त्या दिवशी चालत मोहापर्यंत आली.

"मामाजी, दोन्ही हातानं धरा. काठोकाठ हाय."

रामलालनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. लाल्या नाही, शेरू नाही, टीना नाही. तिसरं कोनीच नव्हतं. मीच होतो, तर म्या चुलीत फुंकर मारत बसलो.

"हो बेटा," तो म्हने. डबा घेतला. मंग आवाज फुटला त्याचा. "नौकरी नोको सोडू."

"नाही सोडत, मामाजी. आता कायले सोडू?"

त्या दिवशी बुढा सायकलीवर बसला नाही. डबा दांड्याले लटकवला त हिंदकळन म्हनून एका हातात सायकल, एका हातात डबा, कोसभर पायी गेला. घरी गेल्यावर सुशिलाबाईनं झाकन काढलं. थेंबही सांडला नव्हता.

काटा सरकला मंग टीनाचा. आता त आंगनात पाय टाकाले लागली, शेरूचे कान ओढते. पन सामान अजून लागते तिले, डबा अजून निघते या खोलीतून. रामलाल आज शेतावर गेला, म्हनून तुले अडवाले कोनी नव्हतं.

हे घे, मेमू गेली. पाह्य, आचलबाई चाकापाशी आली, गेट उचलते आता. चहा सरला असन त नीघ.

पन भाऊ, एक मांगतो तुले. संध्याकाळी याच रस्त्यानं वापस येशीन न? गेट बंद असन, पडदा ओढलेला असन, त हॉर्न नोको वाजवू. इंजिन बंद कर आन बस इथं. फारच घाई असली त खाली उतर आन नुसती हाक मार, "आचलबाई." हाकेनं ते येते, हॉर्ननं झिरा बुजते. एवढं कर बापा.